पाचवी चाल

बुद्धिबळाच्या डावाला नाव पडते ते पहिल्या चारपाच चालींवरून. सिसिलियन, इटालियन, ग्रुनफेल्ड, क्वीन्स इंडियन. एकदा नाव कळले की शिकणाऱ्याला अर्धा डाव पदरात पडल्यासारखे वाटते, आणि हल्ली ही समजूत पोसायला बाजार तयारच आहे. दहा चालींत प्रतिस्पर्ध्याला गारद करण्याच्या युक्त्या मोबाइलवर रांगेने येतात. मुलगा चाली पाठ करतो, रविवारी स्पर्धेला जातो, समोरचा सहाव्या चालीलाच भलतेच काही खेळतो आणि पाठांतर तिथेच संपते. पुढे काय करायचे याचा पत्ता नसतो. सहा चाली कशासाठी केल्या हेच ठाऊक नसेल तर सातवी कुठून सुचणार?

असा मुलगा बेळगावजवळच्या सांबऱ्यातही असतो. बाहेरच्या माणसाला सांबरा म्हटले की विमानतळ आठवतो, फार तर हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र. बेळगाव तालुक्यातल्या माणसाला कुस्ती आठवते आणि मराठी साहित्य संमेलन आठवते. कडोली, येळ्ळूर, उचगाव यांच्याप्रमाणे सांबऱ्यानेही संमेलन भरवण्याचा खटाटोप केलेला आहे. अशा गावातल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाकडे आज काय असते? एक पट, एक मोबाइल आणि त्या मोबाइलमध्ये जगातल्या सगळ्या नामवंतांचे सगळे डाव. पंचवीस वर्षांपूर्वी हे भांडार पाहायला मिळावे म्हणून मुंबई-पुण्याच्या खेळाडूंनीही देव पाण्यात घातले असते. नसतो तो शेजारी बसून चुका दाखवणारा जाणता माणूस. या पट्ट्याला जवळचे बुद्धिबळाचे मोठे ठिकाण म्हणजे सांगली. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने स्पर्धा भरवता भरवता खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. पण रोज संध्याकाळी काही सांगली गाठता येत नाही. म्हणून प्रश्न असा की जाणता माणूस शेजारी नसताना डावाची सुरुवात शिकायची कशी? माझे म्हणणे असे की ती सुरुवातीकडून शिकूच नये. स्पर्धेतला एक चांगला डाव घ्यावा, तो मध्यापर्यंत समजून घ्यावा आणि तिथून उलटे चालत पहिल्या चालींपाशी यावे. सुरुवातीच्या चालीचा अर्थ त्या चालीपाशी सापडत नाही; तो आठदहा चाली पुढे कुठेतरी पडलेला असतो.

हे नुसते सांगून कोणाला पटणार नाही, म्हणून एक डाव पटावर मांडतो. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावची १९३०-३१ ची स्पर्धा. पांढरी मोहरी मीर सुलतान खानाकडे, काळी होजे राउल कापाब्लांकाकडे. कापाब्लांका म्हणजे १९२१ ते १९२७ जगज्जेता, आणि १९१६ ते १९२४ या आठ वर्षांत एकही डाव न हरलेला माणूस. सुलतान खान पंजाबातल्या मिठा तिवाना गावचा, नवाब उमर हयात खानाच्या पदरी असलेला. तो लहानपणी देशी नियमांचे बुद्धिबळ शिकला होता. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकते आणि राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. आजचा किल्लेकोट त्यात नाही. १९२८ मध्ये तो अखिल भारतीय विजेता झाला, १९२९ मध्ये नवाबाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून मोकळा झाला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही ते त्याने जिंकले. हेस्टिंग्जच्या त्या स्पर्धेत मॅक्स ऑयवे पहिला, कापाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरा आला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो तिसऱ्याने दुसऱ्याला हरवलेला डाव.

पहिल्या चार चाली अगदी सरळ आहेत. पांढऱ्याने राजाच्या बाजूचा घोडा एफ३ वर काढला, मग डी४ आणि सी४ अशी दोन प्यादी पुढे नेली, दुसरा घोडा सी३ वर आणला. काळ्याने घोडा एफ६ वर काढला, बी६ करून पांढऱ्या घरांचा उंट बी७ वर बसवला आणि चौथ्या चालीला ई६ केले. ई६ झाल्याबरोबर त्याच्या दुसऱ्या उंटाला, काळ्या घरांवरच्या, वाट मोकळी झाली. आता तो बी४ वर येऊन सी३ च्या घोड्याला राजासमोर जखडू शकतो. जखडलेला घोडा हलत नाही. आणि उंटाने तो मारलाच तर पांढऱ्याला प्याद्याने परत मारावे लागते आणि सी पट्टीवर दोन प्यादी एकामागे एक अडकून बसतात. इथे सुलतान खानाने पाचवी चाल केली : ए३. कडेचे प्यादे, एक घर पुढे. उंटाला बी४ वर येण्याची बंदी.

नवशिक्याला ही चाल आळशी वाटते. एकही मोहरे बाहेर आले नाही, मध्य काबीज झाला नाही, किल्लेकोट एका चालीने लांबला. शाळेत शिकवलेले सगळे नियम या चालीने मोडले. मोबाइलवरचा मुलगा इथे थांबून तिचे नाव शोधेल. नाव आहे, आणि ते गमतीचे आहे. क्वीन्स इंडियन बचावात पांढऱ्याने लवकर ए३ करण्याच्या पद्धतीला पेट्रोसियनचे नाव दिले जाते. हा पेट्रोसियन पुढे जगज्जेता झाला खरा, पण हेस्टिंग्जचा हा डाव झाला तेव्हा तो जेमतेम दीड वर्षाचा होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कास्पारोव्हने याच पद्धतीने भल्याभल्यांना हैराण केले. म्हणजे चाल आधी जन्मली आणि नाव मागाहून चिकटले. पण नाव कळल्याने ए३ का केले ते कळते का? मुळीच नाही. त्यासाठी तेराव्या चालीपर्यंत जावे लागते.

पाचव्या चालीला कापाब्लांकाने डी५ खेळून मध्याला आव्हान दिले. पांढऱ्याने ते प्यादे मारले, काळ्याने ई६ च्या प्याद्याने परत मारले. (आजचे खेळाडू या जागी बहुधा घोड्याने मारतात, का, ते पुढे येईलच.) मग दोन्हीकडून मोहरी बाहेर आली. पांढऱ्याने उंट जी५ वर काढला. काळ्याने आपला काळ्या घरांचा उंट ई७ वर ठेवला, कारण बी४ ची वाट बंद होती. काळ्याने किल्लेकोट केला, घोडा ई४ वर नेला, दुसरा घोडा डी७ वर, प्यादे एफ५ ला. बाराव्या चालीला सुलतान खानाने सी३ चा घोडा बी५ वर उडवला. आता तो सी७ च्या प्याद्यावर डोळा ठेवून आहे, शिवाय एफ४ वर मागे आलेला पांढरा उंटही त्याच घराकडे पाहतो आहे. काळ्याने उंट डी६ वर आणून वाट अडवली. तेराव्या चालीला घोड्याने तो उंट मारला आणि कापाब्लांकाने सी७ च्या प्याद्याने घोडा मारला.

इथे डाव थांबवावा आणि दोन्ही बाजूंनी पट पाहावा. काळ्याचा जो उंट चौथ्या चालीनंतर बी४ वर येऊन सी३ च्या घोड्याला मारणार होता, त्याच उंटाला त्याच घोड्याने डी६ वर मारले. अदलाबदल तीच झाली : घोडा गेला, उंट गेला. फरक एवढाच की पांढऱ्याची प्यादी सी पट्टीवर दुहेरी होण्याऐवजी काळ्याची डी पट्टीवर झाली, डी५ आणि डी६. पाचव्या चालीच्या त्या आळशी प्याद्याचा अर्थ हा. त्याने एक अदलाबदल टाळली नाही, ती कोणाच्या सोयीने होणार ते ठरवले. हे पाचव्या चालीकडे टक लावून बसल्याने कधीच कळले नसते, कारण पाचव्या चालीला पटावर त्याची एकही खूण नव्हती.

ए३ मुळे हे सगळे घडलेच पाहिजे होते, असे मात्र मी म्हणत नाही. काळ्याला तेराव्या चालीला ई४ च्या घोड्याने डी६ वर मारता आले असते आणि प्यादी लगेच दुहेरी झाली नसती. कापाब्लांकासारख्या माणसाला हे दिसले नसेल असे मानणे म्हणजे आपलीच शोभा करून घेणे. त्याने प्याद्याने मारले ते सौदा म्हणून : ई४ वरचा घोडा जागेवर राहिला आणि सी पट्टी मोकळी झाली. या सौद्याची दुसरी बाजूही डावात दिसतेच. चौदाव्या चालीला त्याचा हत्ती सी८ वर आला, अठराव्या चालीला सी६ वर चढला, एकोणिसाव्याला दुसरा हत्ती त्याच्या मागे सी८ वर उभा राहिला. तोपर्यंत सुलतान खानाने राजाच्या बाजूची प्यादी पुढे लोटली होती, एच४, मग जी४, मग जी५, आणि एफ६ चा घोडा ई८ वर परत पिटाळला होता. एकविसाव्या चालीला त्याचा पांढऱ्या घरांचा उंट जी४ वर येऊन थेट सी८ च्या हत्तीवर रोखला. कापाब्लांकाने मग सी पट्टीवरच झेप घेतली : हत्ती सी१ वर शह, राजा डी२ वर, दुसरा हत्ती सी२ वर शह, वजिराने हत्ती मारला, हत्तीने वजीर मारला, राजाने हत्ती मारला. चोविसाव्या चालीनंतर हिशेब असा उरला की पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि दोन उंट, काळ्याकडे वजीर, एक उंट, एक घोडा.

आता काळ्याच्या त्या उरलेल्या उंटाकडे पाहावे. बी७ वर बसला आहे आणि त्याच्या तिरक्या रस्त्यावर डी५ ला त्याचेच प्यादे उभे आहे, त्याच्या पुढे ई४ ला आणखी एक. सहाव्या चालीला ई६ च्या प्याद्याने डी५ वर मारले तेव्हा हा रस्ता बंद झाला होता. आजचे खेळाडू घोड्याने का मारतात, त्याचे उत्तर इथे, अठरा चाली उशिरा, मिळते. पुस्तकात या जागी कंसात एक पर्याय आणि एक उद्गारचिन्ह दिलेले असते. ते पाठ करता येते, पण कोंडलेला उंट पाहिला की पाठ करावे लागत नाही.

देशी खेळात प्यादे एकेकच घर सरकते, म्हणून एका घराची संथ चाल सुलतान खानाला सहज सुचली असेल. देशी खेळात किल्लेकोट नाही, म्हणून या डावात त्याने शेवटपर्यंत किल्लेकोट न करता राजाला ई१ वरून डी२, डी२ वरून सी२ असे पायी हिंडवले असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. आपला माणूस, आपली परंपरा, जगज्जेत्याचा पराभव : गोष्ट छानच जुळते. मला ती जरा जास्तच छान जुळलेली वाटते. सुलतान खान पाश्चात्य नियमांनी खेळलेल्या इतर अनेक डावांत इतरांसारखाच वागतो. एका डावातल्या एका चालीवरून माणसाचे बालपण सिद्ध होत नाही. ए३ समजायला सुलतान खानाचे गाव लागत नाही, बी४ चे घर लागते. परंपरेचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण डाव अभ्यासताना तो पटाच्या बाहेर ठेवावा.

परंपरेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक डाव सांगायला हवा, कारण माझ्या म्हणण्यावरचा पहिला मोठा आक्षेप त्यातूनच निघतो. मे १८५५, कोलकाता. जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर पांढऱ्या मोहऱ्यांनी आणि महेशचंद्र बॅनर्जी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होते. महेशचंद्रही देशी नियमांवरून पाश्चात्य नियमांकडे आलेले. त्यांनी घोडा एफ६ वर काढला, जी६ केले, तिसऱ्या चालीला डी५ खेळले, उंट जी७ वर बसवला, पांढऱ्याच्या घोड्याशी सी३ वर अदलाबदल केली आणि सी५ ने मध्यावर घाव घातला. आज ज्याला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात तो हाच. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने तो १९२२ मध्ये मोठ्या स्पर्धांतून खेळायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी व्हिएन्नात अलेखाइनला हरवले. सदुसष्ट वर्षे आधी तोच विचार कोलकात्यात खेळला गेला होता. पण महेशचंद्र तो डाव हरले. आक्षेपकर्ता म्हणेल, बघा, सुरुवात कळूनही काय उपयोग? विचार चांगला, निकाल वाईट. त्यापेक्षा आजच्या संगणकी इंजिनाने तपासलेली सुरुवात पाठ केलेली काय वाईट?

हा आक्षेप डाव न पाहता घेतलेला आहे. महेशचंद्रांच्या सुरुवातीत खोट नव्हती. तेराव्या चालीपर्यंत काळा उत्तम उभा आहे. चौदाव्या चालीला पांढऱ्याने वजीर बी३ वर आणला, म्हणजे तिरक्या रेषेने थेट एफ७ वर, आणि नेमक्या त्याच वेळी काळ्याने एफ८ चा हत्ती ई८ वर सरकवला. एफ७ ची राखण करणारे मोहरेच तिथून हलले. तीन चालींनंतर पांढरा घोडा जी५ वर आला, अठराव्या चालीला त्याने एफ७ चे प्यादे मारले, काळ्याने घोडा ए५ वर आणून वजिरावर चाल केली आणि शेवट ओढवून घेतला : घोडा एच६ वर दुहेरी शह, राजा कोपऱ्यात एच८ वर, वजीर जी८ वर शह देत स्वतःचा बळी देतो, हत्तीला तो मारावाच लागतो, घोडा पुन्हा एफ७ वर, मात. राजा आपल्याच हत्तीने, उंटाने आणि प्याद्याने कोंडून मेला. या शेवटाचे बीज तिसऱ्या चालीत नाही, चौदाव्या चालीत आहे. सुरुवात पाठ असती तरी चौदाव्या चालीला ती मदतीला आली नसती. उलट, हा डाव शेवटाकडून वाचणारा मुलगा एफ८ चा हत्ती हलवण्यापूर्वी एफ७ कडे कोण कोण पाहते आहे ते मोजायला शिकतो. ती मोजणी ग्रुनफेल्डलाही लागते आणि इटालियनलाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो आजच्या खेळातून येतो. वरच्या पातळीवर आज सुरुवातच डाव जिंकून देते, असे म्हणणारे चूक नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये टोरोंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत नाशिकच्या विदित गुजराथीने दुसऱ्याच फेरीत हिकारू नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी हरवले, अवघ्या २९ चालींत. नाकामुरा त्याआधी पारंपरिक वेळेच्या ४७ डावांत हरला नव्हता. बर्लिन बचावातल्या त्या डावात विदितने लवकरच आपला उंट देऊन पांढऱ्या राजापुढचे एच३ चे प्यादे मारले, आणि ही कल्पना त्याने घरी तयार करून आणली होती. मग पाठांतर जिंकले की नाही?

तयारी जिंकली हे खरे, पण तयारीचे स्वरूप काय होते ते पाहावे. उंट देऊन प्यादे मारणारी चाल पाठ करायला एक मिनिट पुरते. उंट दिल्यावर राजासमोरची भिंत पडते. मग कोणती मोहरी, कोणत्या क्रमाने, कोणत्या घरातून त्या राजापर्यंत पोचायची हे कळल्याशिवाय तो उंट नुसता दान झालेला असतो. विरोधक दर वेळी अपेक्षित चाल करत नाही आणि घरची तयारी कुठेतरी संपतेच. तिथून पुढचा मार्ग विदितला समोर बसून काढावा लागला आणि तो त्याने काढला, कारण त्या स्थितीत कोण कोणाच्या मागे लागले आहे हे त्याला ठाऊक होते. म्हणजे टोरोंटोतही सुरुवातीचा अर्थ पुढच्या चालींतच होता. फरक असा की विदित तो अर्थ घरून समजून घेऊन गेला होता आणि व्हिडिओ पाहणाऱ्या मुलाला तो समजलेलाच नसतो. त्याच स्पर्धेत नवव्या फेरीत विदितने नाकामुराला पुन्हा हरवले, यावेळी पांढऱ्या मोहऱ्यांनी. तिथे दुसऱ्या फेरीतली तयारी उपयोगी पडणे शक्यच नव्हते.

राहिले इंजिन. ते कोणत्याही स्थितीला एक आकडा देते, अधिक शून्य पूर्णांक सात वगैरे, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. त्याच्याशी भांडण नाही. पण आकडा कारण सांगत नाही. हेस्टिंग्जच्या डावात तेराव्या चालीला इंजिन पांढऱ्याला थोडे बरे म्हणेलही. बी४ वर न आलेल्या उंटाची गोष्ट ते सांगणार नाही, कारण त्याला ती गोष्ट लागत नाही. माणसाला लागते, कारण माणूस आकडे विसरतो आणि गोष्टी लक्षात ठेवतो. म्हणून इंजिन शेवटी लावावे. आधी स्वतः चाल शोधावी, का ते वहीत दोन ओळींत लिहावे, मग खेळाडूने काय केले ते पाहावे आणि सगळ्यांत शेवटी इंजिनाला विचारावे. हा क्रम उलटा केला की वही कोरी राहते.

या पट्ट्यात तालमीत वाढलेल्या कोणालाही ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. वस्ताद ढाक किंवा धोबीपछाड नुसता सांगून सोडत नाही. समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे ते आधी पाहायला लावतो. डावाचे नाव मुलाला पहिल्याच दिवशी येते, वजन ओळखायला पावसाळे जातात. बुद्धिबळात ते वजन म्हणजे घरे, पट्ट्या आणि कोंडलेली मोहरी.

मग सांबऱ्याच्या मुलाने करायचे काय, असे कोणी विचारले तर मी एक गैरसोयीचे उत्तर देईन. हेस्टिंग्जचा डाव ६५ चालींचा आहे. त्यातल्या पहिल्या पाचसहा चाली सगळे पाहतात, कारण त्यांना नाव आहे. तेरापर्यंतच्या चाली काही जण पाहतात. चोविसाव्या चालीनंतरच्या ४१ चालींकडे सहसा कोणी फिरकत नाही, कारण तिथे दोन हत्ती आणि वजीर यांच्यातली रटाळ दिसणारी ओढाताण चालू असते, राजा हळूहळू सुरक्षित घर शोधत असतो आणि झटपट काहीच घडत नाही. सुलतान खानाचा बळकट भाग तोच होता. त्याच्या काळातले खेळाडू म्हणत की सुरुवातीत तो कच्चा आहे, शेवटच्या खेळात त्याला तोड नाही. आक्षेपकर्त्यांच्या हाती हे वाक्य आयते मिळते : म्हणजे तुमच्या नायकाला सुरुवात येतच नव्हती! तिचे तयार मार्ग त्याला इतरांएवढे माहीत नव्हते, हे खरे. ब्रिटिश स्पर्धेपूर्वी विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स यांनी त्याला त्यातले बरेच शिकवले होते. पण सुरुवातीपासून आपल्याला कोणत्या मध्यात जायचे आहे हे त्याला माहीत असे, आणि कापाब्लांकाविरुद्ध तेवढे पुरले. सगळे मार्ग पाठ असलेल्यांपैकी त्या स्पर्धेत कापाब्लांकाला हरवणारे कितीसे होते?

१९३३ च्या अखेरीस सुलतान खान नवाबाबरोबर परत आला. १९३५ मध्ये वि. का. खाडिलकर या मराठी खेळाडूशी त्याचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांच्या वाट्याला एक बरोबरी आली, बाकी नऊ डाव सुलतान खानाने जिंकले. त्यानंतर तो मोठ्या स्पर्धांतून दिसेनासा झाला, १९६६ मध्ये वारला, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ मध्ये. खाडिलकरांविरुद्धच्या सामन्याची आठवण मराठी माणसाला फारशी सुखाची नसेल, पण अभ्यासाच्या दृष्टीने दहापैकी नऊ हरणारा खेळाडू हा उत्तम शिक्षक असतो. जिंकणाऱ्याच्या चाली पाहून आपण भारावतो. हरणाऱ्याच्या चालींत आपल्याला आपल्याच चाली सापडतात. कापाब्लांकाने डी५ वर प्याद्याने मारले ते आपणही मारले असते. महेशचंद्रांनी हत्ती ई८ वर सरकवला तो आपणही सरकवला असता. तेव्हा चोविसाव्या चालीनंतर पट फिरवावा, काळ्या बाजूने बसावे, पुढच्या चाली कागदाने झाकाव्या आणि वजीर, कोंडलेला उंट आणि ई८ वर परत गेलेला घोडा घेऊन दोन हत्तींविरुद्ध डाव वाचवून पाहावा. प्रत्येक चालीला कागद एक ओळ खाली सरकवून आपण कापाब्लांकापेक्षा वेगळे काय केले ते टिपून ठेवावे. सुट्टीतला एक आठवडा एवढ्यावर जाईल, आणि त्यानंतर पाचव्या चालीला ए३ करायचे की नाही हे विचारायला कोणताही व्हिडिओ लागणार नाही.